पहाटेची सायकल : दिवा कसा, स्वेटर कोणता?

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात सकाळी सहाला घराबाहेर पडून पाहा. गारठा वाढला की द्राक्षबागांत शेतकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला असतो. कालव्याच्या कडेने धुक्याचा पट्टा असतो. पारा कधी दहा अंशांवर, कधी सहावर. अशा अंधारात सायकली जाताना दिसतात. खरे तर दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. ही आमच्या शाळेची दहावीची मुले-मुली. साडेसहाच्या जादा तासाला निघालेली. कुणी तीन किलोमीटरवरून येते, कुणी सहा-सात किलोमीटरवरून.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत यांतल्या एका मुलीला मागून मोटरसायकलची धडक बसली. पायाचे हाड मोडले, सराव परीक्षा हुकली. बोर्डाची परीक्षा तिने नुकतेच प्लास्टर काढलेल्या पायाने दिली. मोटरसायकलवाला पळून गेला नाही. त्यानेच तिला दवाखान्यात नेले. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "सर, पोरगी दिसलीच नाही हो." आम्हांला आधी ही सबब वाटली. तिच्या सायकलीला पुढे चांगली बॅटरी बांधलेली होती, मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर होता. अंगात शाळेचा जाड स्वेटर होता. थंडी आणि अंधार, दोन्हींची काळजी घरच्यांनी घेतलेली होती. मग चुकले कुठे?

या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही काही शिक्षक आणि मुले मिळून जे शिकलो, ते इथे मांडत आहोत. यातले बरेचसे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. फक्त ते प्रकाशाचा धडा, उष्णतेचा धडा, गतीचा धडा असे वेगवेगळे विखुरलेले आहे.

मैदानावरची एक संध्याकाळ

आठवडाभराने, अंधार पडल्यावर आम्ही शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला मोटरसायकल उभी केली आणि तिचा दिवा खालच्या झोतावर ठेवला. दुसऱ्या टोकाकडून मुले एकेक करून पाठमोरी, मागे मागे सरकत येऊ लागली. मोटरसायकलशेजारी उभ्या असलेल्यांनी "दिसला" म्हणायचे आणि तिथपासूनची पावले मोजायची.

शाळेचा गडद निळा स्वेटर घातलेला मुलगा तीसएक पावलांवर आल्यावर दिसला. म्हणजे साधारण २२ मीटर. पांढरा सदरा त्याच्या दुपटीहून जास्त अंतरावरून दिसला. आणि सायकलचा लाल रिफ्लेक्टर मैदान संपले तरी चमकतच होता.

आता थोडे गणित करू. मोटरसायकलचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. काहीतरी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला एक ते दीड सेकंद लागतो. दीड सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असे धरले, तर पूर्ण थांबायला आणखी १९ मीटर लागतात. एकूण ४० मीटर.

मुले म्हणाली, "पण सर, सायकल उभी नव्हती, चालत होती." बरोबर आहे. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर धरू. मग मोटरसायकलचा सापेक्ष वेग ताशी ३५, म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर झाला. धडक टाळायची तर एवढाच वेग कमी व्हायला हवा. दीड सेकंदात अंतर साडेचौदा मीटरने कमी होते, ब्रेक लागल्यावर आणखी साडेनऊ मीटरने. बेरीज २४ मीटर.

दिसते २२ मीटरवर आणि लागतात २४ मीटर. तो माणूस खोटे बोलत नव्हता.

मग रिफ्लेक्टरचे काय झाले? तो तर शंभर मीटरवरून दिसायला हवा होता. मुलीच्या मैत्रिणीने उलगडा केला. दप्तर कॅरिअरला बांधलेले होते आणि त्यावर घडी केलेली शाल होती. शालीचे टोक लोंबून रिफ्लेक्टरवर आले होते.

रिफ्लेक्टर आरशासारखा का वागत नाही?

साध्या आरशावर तिरपा प्रकाश पडला तर तो दुसऱ्या बाजूला निघून जातो. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात. सायकलमागे सपाट आरसा लावला तर गाडीच्या दिव्याचा प्रकाश शेतात जाईल, चालकाच्या डोळ्यांत नाही. रिफ्लेक्टर मात्र प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. कसा ते करून पाहा.

दोन छोटे सपाट आरसे पुस्तकाच्या पानांसारखे चिकटपट्टीने जोडा आणि काटकोनात उघडून टेबलावर उभे करा. बॅटरीच्या काचेवर बारीक फट ठेवून कागद चिकटवा, म्हणजे प्रकाशाची रेघ टेबलावर दिसेल. ही रेघ पहिल्या आरशावर कोणत्याही कोनातून सोडा. ती पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर जाते आणि आलेल्या दिशेला समांतर अशी परत फिरते. मुलांना कोनमापक द्या आणि असे का होते ते आकृती काढून सिद्ध करायला सांगा. दोन परावर्तनांत किरण एकूण १८० अंशांतून वळतो, एवढे त्यांना सापडले पाहिजे.

आता तिसरा आरसा खाली आडवा ठेवा. खोलीच्या कोपऱ्यासारखा कोपरा तयार झाला. या कोपऱ्यात एक डोळा मिटून पाहा. डोके कुठेही हलवा, तुमचा उघडा डोळा नेमका कोपऱ्याच्या टोकावरच दिसतो. सायकलच्या लाल रिफ्लेक्टरची पाठ भिंगातून पाहिली तर असे शेकडो बारीक कोपरे प्लास्टिकमध्ये घडवलेले दिसतील. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर याच तत्त्वाचा परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण तिथून परत येतात आणि त्यावरून चंद्राचे अंतर आजही मोजले जाते.

बाजारात आपण ज्याला 'रेडियम' म्हणतो, ती चमकणारी चिकटपट्टीही हेच काम करते. तिच्यात असेच सूक्ष्म कोपरे किंवा काचेचे बारीक मणी असतात. रेडियम नावाचे मूलद्रव्य तिच्यात अजिबात नसते. पूर्वी घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमयुक्त रंग वापरत, त्यावरून हे नाव चिकटले असावे. हा फरक मुलांना जरूर सांगावा, कारण नावामुळे एक गैरसमज होतो. ही पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. तिच्यावर कुणाचा तरी दिवा पडावा लागतो आणि पाहणाऱ्याचा डोळा त्या दिव्याजवळच असावा लागतो.

हेही पडताळता येते. अंधारात सायकलपासून तीस मीटरवर उभे राहा आणि बॅटरी कानशिलाजवळ धरून रिफ्लेक्टरवर टाका. तो लखलखतो. आता तीच बॅटरी तीन-चार मीटर बाजूला उभ्या असलेल्या मित्राच्या हातात द्या. चमक जवळपास नाहीशी होते. म्हणूनच दिवा नसलेली बैलगाडी, बिनदिव्याची सायकल किंवा पायी चालणारा माणूस यांच्यासमोर रिफ्लेक्टर निरुपयोगी आहे. धूळ-चिखलाने माखलेला किंवा शालीखाली झाकलेला रिफ्लेक्टर तर सर्वांसमोरच निरुपयोगी.

पट्टी कुठे लावावी? मागच्या मडगार्डवर लावाच, पण घोट्यांभोवती आणि पेडलच्या कडांवरही लावा. १९७३ साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर छोटे ठिपक्यांसारखे प्रकाशबिंदू लावून अंधारात त्यांचे चित्रण केले. माणूस स्तब्ध असेपर्यंत पाहणाऱ्याला नुसते ठिपके दिसत. तो चालू लागला की क्षणात माणूस ओळखू येई. वर-खाली होणारे दोन ठिपके पाहून मागचा चालकही लगेच ओळखतो, की हा मैलाचा दगड नव्हे, कुणीतरी सायकल मारते आहे.

पुढचा दिवा : पेटीवरचा आकडा आणि रस्त्यावरचा उजेड

दिव्याची दोन कामे असतात. एक म्हणजे आपल्याला रस्ता दिसणे, दुसरे म्हणजे आपण इतरांना दिसणे. मागच्या लाल दिव्याला फक्त दुसरे काम करायचे असते आणि त्याला फार शक्ती लागत नाही. काही कँडेलांचा लहानसा लाल एलईडी दिवा अंधाऱ्या रस्त्यावर दोनशे-तीनशे मीटरवरून सहज दिसतो. शिवाय तो रिफ्लेक्टरसारखा दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून नसतो. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधून घेतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. म्हणून मागचा दिवा स्थिर ठेवावा, किंवा लुकलुकणारा असेल तर सोबत रिफ्लेक्टर उघडा असावा.

पुढच्या दिव्याला दोन्ही कामे करायची असतात. किती लांबचे दिसायला हवे? ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सव्वाचार मीटर जाते. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सहा मीटर आणि थांबायला साडेतीन मीटर, असे मिळून सुमारे दहा मीटर होतात. उतारावर वेग वीस झाला की हेच अंतर पंधरा मीटरच्या घरात जाते. तेव्हा दहा ते पंधरा मीटरवरचा रस्ता नीट दिसला पाहिजे.

दुकानात दिव्याच्या पेटीवर ल्युमेनचा आकडा असतो. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते तो आकडा सांगतो. हा प्रकाश जातो कुठे, ते सांगत नाही. जिथे प्रकाश पडतो तिथली प्रदीप्ती लक्समध्ये मोजतात. जर्मनीच्या नियमानुसार सायकलच्या पुढच्या दिव्याने दहा मीटरवर, सर्वांत उजळ जागी, किमान १० लक्स उजेड दिला पाहिजे. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास उजेड असतो, त्यावरून अंदाज यावा.

समजा, १०० ल्युमेनचा दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश देतो. दहा मीटर त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे १२५७ चौरस मीटर. १०० भागिले १२५७, म्हणजे ०.०८ लक्स. चांदण्याच्याही एक तृतीयांश! तोच प्रकाश परावर्तकाने आणि भिंगाने २० अंशांच्या शंकूत एकवटला, तर दहा मीटरवर साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ उजळते. त्याचे क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटरच्या आसपास. १०० भागिले ९.५, म्हणजे जवळपास साडेदहा लक्स. दिवा तोच, वीज तेवढीच, पण उजेड सव्वाशेपटीने जास्त. म्हणून दिवा घेताना मोठ्या आकड्याला भुलू नये. अंधाऱ्या बोळात भिंतीवर झोत टाकून पाहावा. झोत आटोपशीर आहे का, मध्ये काळे डाग पडतात का, वरच्या बाजूला उगीच प्रकाश सांडतो का, हे पाहावे.

अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो, हा वर्गाचा व्यस्त नियम इथे विसरून चालत नाही. दहा मीटरवर १० लक्स देणारा झोत वीस मीटरवर अडीच लक्सच देतो.

जुन्या सायकलींना डायनॅमो असे. मागच्या चाकाला टेकलेली ती बाटली आणि चढावर होणारी तिची घरघर अनेक शिक्षकांना आठवत असेल. पुण्यात तर एके काळी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट या दोन गोष्टींसाठी पोलीस अडवत. डायनॅमो म्हणजे फॅरेडेने १८३१ साली दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे चालते प्रात्यक्षिक. साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट त्याची शक्ती. पण वेग कमी झाला की दिवा मंद होई आणि थांबले की विझे, म्हणजे नेमका वळण घ्यायला थांबल्यावर. शिवाय तारेचा बल्ब दर वॅटला दहा-पंधरा ल्युमेनच देई. आजचा पांढरा एलईडी वॅटला शंभरच्या आसपास ल्युमेन सहज देतो. निळ्या एलईडीच्या शोधामुळे हे साधले. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चार्जिंगच्या दिव्याचे गणित सोपे आहे. ३.७ व्होल्ट आणि १२०० मिलिॲम्पिअर-तास अशी बॅटरी असेल तर गुणाकार होतो ४.४ वॅट-तास. दिवा दीड वॅटचा असेल तर तो तीन तास चालेल. रोज पहाटे अर्धा तास लागणार असेल तर रविवारी एकदा चार्ज केला की शनिवारपर्यंत पुरतो, पण अगदी काठावर. थंडीत बॅटरी थोडी कमी देते आणि वापराने जुनी होत जाते. म्हणून बुधवारी पुन्हा एकदा लावावी.

दिवा किती झुकवावा? हँडलवर तो जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि झोताचा मध्य दहा मीटरवर रस्त्याला टेकायला हवा, असे समजा. समरूप त्रिकोणांनी उत्तर निघते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. झोताचा मध्य भिंतीवर ४५ सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. यापेक्षा वर असेल तर समोरच्या सायकलस्वाराचे डोळे दिपतील. धुक्यात तर वर गेलेला प्रकाश पाण्याच्या कणांवरून विखुरून आपल्याच डोळ्यांत येतो.

काही मुले बॅटरी डोक्याला बांधतात. तसे करू नये. दिवा डोळ्यांच्या रेषेत असला की खड्ड्याची सावली खड्ड्याच्या मागेच लपते आणि रस्ता सपाट भासतो. दिवा डोळ्यांपेक्षा खाली, हँडलवर असला की लहान दगडाचीही लांब सावली पडते आणि खड्डा उठून दिसतो.

थंडी वाऱ्याची आणि घामाची

आता स्वेटरकडे वळू. मुलगी घरून निघाली तेव्हा थरथरत होती आणि दोन किलोमीटर आल्यावर घामाघूम झाली होती, असे तिनेच नंतर सांगितले. हा सर्वच सायकलस्वारांचा अनुभव आहे. त्याचे कारण शरीराच्या हिशेबात आहे.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण ८० ते १०० वॅट उष्णता निर्माण करतो. सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, त्यातली जेमतेम पाव भाग चाक फिरवायला जाते, बाकीची उष्णता होते. साध्या सायकलीवर सपाट रस्त्याने जायला ५० वॅट लागत असतील तर जोडीला दीड-दोनशे वॅट उष्णता तयार होते. म्हणजे दहा मिनिटांनी अंगात छोटी शेगडी पेटलेली असते. घरून निघताना उबदार वाटेल इतके कपडे घातले तर वाटेत ते जास्त होतात, घाम येतो आणि कपडे ओले होतात.

ओले कपडे का थंड लागतात? कपड्यांची ऊब धाग्यांत नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेते. हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब गेली. वर घामाचे बाष्पीभवन होताना प्रत्येक ग्रॅमला सुमारे २४०० ज्यूल उष्णता अंगातून जाते. मुले शाळेत येऊन गार बाकावर बसतात, स्नायूंची शेगडी विझते आणि मग हुडहुडी भरते. पहिल्या तासाला लक्ष लागत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

दुसरा भाग वाऱ्याचा. अंगालगत आपल्याच उष्णतेने कोमट झालेला हवेचा पातळ थर असतो. सायकल चालली की वारा तो थर उडवून लावतो. हवा १० अंश सेल्सिअस असेल तर ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती ८ अंशांसारखी लागते. ६ अंश असेल तर ३ अंशांसारखी. समोरून वारा असेल तर आणखी थंड.

इथे वर्गात एक छान प्रयोग होतो. दोन तापमापी पंख्यासमोर ठेवा. एकीचा फुगा कोरडा, दुसरीच्या फुग्याभोवती ओले फडके. कोरड्या तापमापीतला पारा पंख्याने खाली येत नाही. मुलांना याचे आश्चर्य वाटते. ओल्या तापमापीतला पारा मात्र उतरतो. वारा कोणत्याही वस्तूला हवेपेक्षा थंड करत नाही, तो फक्त उष्णता लवकर पळवतो. वस्तू ओली असेल तरच बाष्पीभवनामुळे ती हवेपेक्षाही थंड होते. एवढ्यावरून कपड्यांचे दोन नियम निघतात : वारा अडवा आणि कोरडे राहा.

मुलांच्या अंगात बहुधा सुती बनियन, सदरा आणि एक जाड विणीचा स्वेटर असतो. जाड स्वेटर हवा चांगली धरून ठेवतो, पण वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. त्याऐवजी एक पातळ स्वेटर आणि त्यावर घट्ट विणीचे वारा अडवणारे जाकीट अधिक चांगले. जाकीट नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. तूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीतले सायकलपटूही डोंगर उतरण्याआधी असाच कागद छातीशी कोंबत आले आहेत. उन्हे आली की कागद काढून टाकता येतो. प्लास्टिकचा रेनकोट वारा अडवतो, पण घामाची वाफही कोंडतो. तो घातलाच तर गळ्याशी उघडा ठेवावा.

लोकर आणि सूत यांतही फरक आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही. धनगरांची घोंगडी दवात आणि पावसाच्या शिडकाव्यातही ऊब देते, ती यामुळेच. सूत पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटते. म्हणून पहाटे येणाऱ्या मुलांनी दप्तरात एक कोरडे बनियन ठेवावे आणि शाळेत आल्यावर बदलावे. हा बिनखर्चाचा उपाय आम्हांला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

बोटांची गोष्ट वेगळी. शरीर गार पडू लागले की आतल्या अवयवांची ऊब टिकवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटे बारीक असल्याने आकारमानाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ जास्त, आणि हँडलवर ती थेट वाऱ्यात असतात. गारठलेली बोटे ब्रेक उशिरा आणि हलका दाबतात. आधीचे गणित आठवा. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर दोन मीटर वाढले. म्हणून हातमोजे ही चैन नव्हे. जुने पायमोजे हातांवर चढवले तरी चालतात, फक्त ब्रेकवरून घसरत नाहीत ना, हे पाहावे.

कानटोपीने कान झाका, पण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज येईल इतकीच जाड असू द्या. मफलर, ओढणी आणि शाल यांची टोके खोचून, गाठ मारून घ्या. ती चाकात किंवा चेनमध्ये अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

एक निरीक्षण मुलांनाच करायला सांगा. कालव्याच्या किंवा ओढ्याच्या उतारावर एकदम गार का वाटते? निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने सखल भागात येऊन साठते. धुकेही तिथेच दाटते. म्हणजे दिव्याची आणि हातमोज्यांची खरी परीक्षा तिथेच.

आधी काय, नंतर काय?

सगळे एकदम घेणे बहुतेक घरांना परवडत नाही. आमच्या अनुभवाने क्रम असा लावता येतो. पहिल्या दिवशी रिफ्लेक्टर पुसा आणि दप्तर बांधल्यावर तो मागून दिसतो का, हे दुसऱ्याला पाहायला सांगा. मग 'रेडियम'ची पट्टी मडगार्डला, पेडलला आणि घोट्याच्या पट्ट्याला लावा. नंतर मागचा लाल दिवा. त्यानंतर पुढचा. कपड्यांत आधी कोरडे बनियन आणि हातमोजे, मग वारा अडवणारे जाकीट.

बहुतेक घरी हा क्रम नेमका उलटा असतो. आधी पुढचा मोठा दिवा आणि जाड स्वेटर येतो. पुढचा अंधार आपल्याला दिसतो, मागचा दिसत नाही, म्हणून असे होत असावे.

राहिला स्वेटरचा रंग. गडद निळा रंग शाळेने निवडला तो मळखाऊ म्हणून. पालकांनी मागितला नव्हता. रंग बदलणे खर्चाचे होते, म्हणून आम्ही पाठीवर आणि बाह्यांवर परावर्तक पट्टी शिवून घेतली. जत्रेतल्या पोलिसांसारखे दिसते म्हणून मुले आठवडाभर हसली, मग सवय झाली.

आणि वेळापत्रक. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे आपण शिकवतो. पण सूर्योदय त्यानंतरही उशिराच होत जातो आणि आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे या दिवसांत सूर्य मध्यान्हीला रोज थोडा उशिरा येतो. नाशिक भागात तेव्हा सूर्य उगवतो सात वाजून दहा मिनिटांच्या पुढे. फटफटायला लागते ते त्याआधी वीस-बावीस मिनिटे. जादा तासांचा जोर मात्र नेमका जानेवारीत, साडेसहाला. म्हणजे मुलांना वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या सकाळी रस्त्यावर काढणारे आम्हीच होतो, आणि सूर्योदयाचे हे कोष्टक भूगोलाच्या तासाला आमच्याच भिंतीवर टांगलेले होते.

आता आमचा जादा तास डिसेंबर आणि जानेवारीत संध्याकाळी शाळा सुटल्याबरोबर होतो आणि मुले उजेडात घरी पोचतात. ज्या शाळांना ते जमणार नाही, त्यांनी निदान एका संध्याकाळी मोटरसायकल मैदानावर उभी करावी आणि पावले मोजावीत.